दोनशे लक्स

मे महिना. धंतोलीत दुपारी दोनला
डांबर चपलेचा तळवा धरून ठेवतं
आणि मी पिशवीतून नेतेय एक फीत
जिला ऊन सोसत नाही.

हसतात लोक.
कुलरच्या टाकीतलं पाणीही कढत होतं त्या गावात
सूर्याकडे पाठ करून बसणारा सौर सेल!
आई म्हणाली, एवढं शिकून
सावलीत उजेड शोधून राहिली का व तू?

हो, सावलीतच.
बाहेर लाखभर लक्स, आत दोनशे.
त्या दोनशेवर जगेल असं काहीतरी हवं होतं मला.
कांद्याचा शेवटचा पापुद्रा,
जो बोटालाच चिकटून बसतो,
त्याच्याहून कितीतरी पातळ थर
प्लास्टिकवर बसवलेला, चहाच्या डागाच्या रंगाचा.
चार महिने फसला तो.
एकदा धुळीने, एकदा दमट हवेने,
एकदा माझ्याच शिंकेने.

रक्तपेढीच्या तळघरात सहा फ्रीज.
चौथ्याच्या दारावर मी फीत डकवली,
आत तापमानाचा काटा, काट्याला ना बॅटरी ना प्लग.
दोन ते सहा अंश, दर दहा मिनिटांनी निरोप
थेट अंबाझरी रस्त्यावरच्या माझ्या टेबलावर.
दिवसभर आला.
रात्री पावणेतीनला थांबला.

सकाळी धावत गेले. लांजेवार काका,
बावीस वर्षं रात्रपाळी,
डबा धुऊन पालथा घालत होते.
"मीच बंद केली ना जी लाईट.
कोणी नसताना काहून जाळाची?"

काय सांगणार.
माझं सगळं गणित
वाया जाणाऱ्या उजेडावर उभं होतं
आणि इथे एक माणूस
काहीच वाया जाऊ देत नव्हता.
अंधारात हात घालून तो ओ निगेटिव्ह काढतो.
कप्पे त्याला पाठ आहेत,
ट्यूब लावायची ती फक्त चिठ्ठी वाचायला.

"किती खाते हे तुमची पट्टी?"
म्हटलं, तुमच्या मनगटावरच्या घड्याळाहून थोडं जास्त.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं,
मग फितीकडे, बराच वेळ,
पाहुण्याला जेवायला काय वाढावं
असा चेहरा करून.

दुसऱ्या दिवशी इतवारीतून घंटीची तार आणली,
अकरा फूट, पैसे माझ्याकडून घेतले नाहीत.
फीत दारावरून काढून स्वतःच्या टेबलावर,
दिव्याच्या टोपीखाली, रजिस्टरला लागून.
तार भिंतीच्या कडेने फ्रीजपर्यंत.
"मी जागा तोवर हे जागी. मंजूर?"

मंजूर.
चार पूर्णांक एक. चार पूर्णांक शून्य. चार पूर्णांक दोन.
तरी काका हातानेही लिहितात, शाईने,
माझ्या आकड्याच्या शेजारी त्यांचा आकडा.
जुळला की काही बोलत नाहीत.
नाही जुळला की फोन.
दोनदा चूक माझी निघाली.

तापमानासोबत फितीचा व्होल्टेजही येतो,
तो कुणी बघत नाही. मी बघते.
रेष सपाट जाते रात्रभर
आणि रोज चार-दहाच्या सुमारास
एक खळी पडते, वीस मिनिटांची.
पहिल्यांदा वाटलं, थर सोलत चाललाय.
मग कळलं, चहा.
मेडिकलकडे जाणाऱ्या रस्त्यावर टपरी उघडते तेव्हा
ते उठतात, आणि उठताना
दिवा बंद करतात.

मधे एकदा उमरेडला भाचीचं लग्न होतं.
तीन रात्री खळी नव्हती.
बदलीचा पोरगा दिवा लावून झोपायचा,
उजेड भरपूर, आकडे स्वच्छ,
माझ्या अहवालात त्या तीन रात्री सर्वांत चांगल्या दिसतात.

चौथ्या रात्री मी जागीच होते.
चार-आठ. चार-नऊ.
रेष खाली आली.
पातळ थर अंधारात, दिवसभर साठवलेल्यावर काढत,
तरी निरोप आला ठरल्या वेळी:
चार पूर्णांक एक.