संदर्भ लिहा, तीनशे शब्दांत

पहिल्या आठवड्यातला पहिला प्रश्न:
तुम्ही शिकवता तिथला संदर्भ लिहा,
तीनशे शब्दांत.

मी लिहिलं, नागपूर.
आणि उठले, कारण कूलरची मोटर अडकली होती.
तिला चपलेनं एक द्यावी लागते,
मग ती चालते.

रात्रीचे साडेअकरा. मानेवाडा रिंगरोडचे ट्रक
भिंतीतून वर्गात शिरतात, म्हणून मी म्यूटवर.
पडद्यावर सोळा चौकटी.
इबादानच्या फोलाकेकडची लाईट गेलेली,
मेणबत्तीत तिचा अर्धाच चेहरा.
लिमाचा एक मास्तर स्टाफरूममध्ये डबा खातोय.
मला त्या डब्यात काय आहे ते बघायचं असतं,
तेवढ्यात स्लाइड बदलते.

फी जीपीएफमधून काढली.
आतल्या खोलीतून आवाज आला होता,
"नोकरी पक्की हाय न तुझी?
मंग आता शिकून कोनती कलेक्टर होऊन राहिली?"
मी म्हटलं, झोपा.

या आठवड्याचा शब्द आहे मोबिलिटी.
मुलांचं एका देशातून दुसऱ्यात जाणं,
त्यांच्या मागून त्यांच्या गुणपत्रिकांचं जाणं.
कोशात पाहिलं: गतिशीलता.
असं कोणी बोलत नाही.
आमच्या शाळेत म्हणतात,
"मॅडम, थे पोरगी कालपासून दिसूनच नाही राहिली."

थे पोरगी म्हणजे फुलवंती उइके.
सिवनीकडून दिवाळीनंतर आली,
आई-बाप नव्या टॉवरच्या आठव्या मजल्यावर विटा चढवतात.
टीसी नाही.
तिच्या जुन्या शाळेचा फोन वाजतो, वाजतो, थांबतो.
पोर्टलवर तिचा नंबर अजून दुसऱ्या राज्यात बसलेला,
आणि ती माझ्या तिसऱ्या बाकावर.
बांते सर म्हणतात, खिचडी द्या, नाव पेन्सिलनं लिहा.

डॉ. एल्स्पेथनी विचारलं,
तुमच्यापैकी कोणाच्या वर्गात सीमेपलीकडचं मूल आहे?
सगळे गप्प.
मी माईक उघडला, आधी ट्रकचा हॉर्न गेला,
मग मी.
आहे, म्हटलं, एक. खवाशाच्या पुढची.
"छान, मिसेस जेड. कोणता देश?"
(माझं झाडे तिकडे पोचेपर्यंत जेड होतं.)
मी म्हटलं, हाच.
दोन तास बसनं.

कोणीतरी खोकलं.
मग काळ्या चौकटीतून फोलाके हसली, मोठ्यानं,
मेणबत्ती हलेपर्यंत.
माझ्याकडे सात आहेत, ती म्हणाली,
पेन्सिलीतले.

निबंध पाठवायची मुदत तिकडच्या मध्यरात्रीला एक मिनिट कमी,
म्हणजे आपले पहाटेचे चार एकोणतीस.
तीनशे शब्दांत "अपुरी साधने" दोनदा आलं होतं.
दोन्ही खोडलं. त्या जागी लिहिलं,
वर्गात पाण्याला आता येर म्हणतात.
फुलवंतीनं कोणाला शिकवलं नाही,
तिला तहान लागली, एवढंच.
आता चाळीस पोरं रांगेत येर येर करतात
आणि हलबांचा पारस तर घरीही मागतो,
त्याची आई मला विचारायला आली होती,
हे इंग्लिश हाय का.

एप्रिलची सकाळपाळी, पावणेसातला गाडी काढली.
झीरो माइलवरून वळसा पडतो, तरी त्या बाजूनं गेले.
खांबाशेजारचे चार घोडे
कधीपासून उधळायच्या बेतात आहेत.
त्यांनाही टीसी मिळाली नसेल.

हजेरी. शेवटचं नाव मी जरा सावकाश घेते.
आज आली होती,
बोटाला सिमेंट, "येस मॅडम."

गुण पुढच्या सोमवारी आले, बरे होते.
समासात येर या शब्दाला गोल,
आणि डॉ. एल्स्पेथचा शेरा: स्रोत द्यावा.

देते.
स्रोत: निळा ड्रम, मुतारीच्या बाजूचा.
साडेसातनंतर नळ जातो.