अनुभव : नाही

एप्रिल सरत आला तरी पोरोवेसी तळ्यावरचा बर्फ
अजून करडा, कडेनं भुसभुशीत.
याच दिवसांत ईसाल्मीतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं
माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसतात,
हुडीच्या बाह्यांत हात लपवून,
जसं काही कुणी हातच मागणार आहे.

मागणारच असतं.
एकोणीस वर्षं झाली, या कचेरीत मी
उन्हाळ्याला हात पुरवते.
आइस्क्रीमच्या खोपटाला दोन जोड्या,
स्ट्रॉबेरीच्या शेताला नऊ,
वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवायला एक,
आवाज खणखणीत हवा.
लाकडाच्या वखारीला कुणी नाही,
अठराच्या आत करवतीला हात लावायचा नाही.

पिहला म्हणाली, मला माणसं नकोत.
तिला गोठ्यावर पाठवलं.
जूनमध्ये तिचा निरोप आला:
गायीही माणसांसारख्याच आहेत,
फक्त मधे मधे बोलत नाहीत.

वेइक्का घाबरून दुकानाच्या मॅनेजरला
प्रत्येक प्रश्नावर "हो" म्हणत गेला.
उशिरा उठायची सवय आहे का? हो.
पैसे मोजताना चुकतोस का? हो.
मॅनेजर इतका हसला की त्याला ठेवूनच घेतलं.

आणि आर्नी.
अर्ज माझ्याच हातानं भरला, तो सांगत गेला तसा.
आडनाव: तोस्सावाइनेन.
अनुभव: नाही.
कधीपासून येऊ शकता: लगेच.
गुणांच्या रकान्यात मीच लिहिलं, शांत, भरवशाचा.
पुरावा काय, तर बुटाच्या नाड्यांना
दोन-दोन गाठी.

चर्चच्या दफनभूमीत जागा होती.
बेगोनिया लावायचे, पाला ओढायचा, पाणी घालायचं.
पत्त्याचा कागद तो बराच वेळ बघत राहिला.
वाचायला वेळ लागतो बिचाऱ्याला, असं मला वाटलं.
मग म्हणाला, चालेल.

जुलैत मी फेरी मारली, दरवर्षी मारते.
मुकादमीण कारपिनेन म्हणाली, पोरगा गुणाचा,
फक्त अकरा नंबरची रांग
दुसऱ्या कुणाला करू देत नाही.
भरपूर ऊन, बर्चच्या सावल्या आखूड,
मी रांगेनं चालत गेले, कॉफीचा थर्मास काखेत,
आणि एका दगडावर
माझ्याच अक्षरातलं आडनाव वाचल्यासारखं झालं.
तीन वर्षांपूर्वीचं साल. ओलं.

थर्मास कुठे ठेवावा ते सुचेना.
म्हटलं, आधी बोलायचंस तरी,
मी दुसरीकडे बघितलं असतं.
तो नळाखाली झारी धरून उभा.
म्हणाला, नियम आहे, दगडामागे अर्धी झारी.
बाबांनाही अर्धीच देतो.
झारी भरली तेव्हा पुढचं बोलला:
तासाला नऊ युरो मिळतात.
ते असते तर अंगणातलं हेच काम
फुकट करून घेतलं असतं.

आम्ही दोघंही हसलो, त्या जागी,
जरा जास्तच मोठ्यानं.
पलीकडे एक म्हातारी वळून बघायला लागली.

ऑगस्टमध्ये त्याचा दाखला टाइप करताना
"कामाचे स्वरूप" या रकान्यात अडले.
पाणी सोडणे, असं आधी उमटलं,
बोटांच्या सवयीनं.
खोडलं. इतक्यात पाणी सोडत नाही हा पोरगा कशावर.
पाणी घालणे, असं लिहिलं.
खाली शिक्का.

त्यानं घडी घालून खिशात कोंबला,
उद्यापासून शाळा, म्हणाला, आणि गेला,
नाड्यांना दोन-दोन गाठी.

फाइल लावायची राहिली आहे अजून.
पुढच्या वर्षी तो आला
तर अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं
हे त्यालाच विचारीन.