शितावरून

शितावरून भाताची परीक्षा, म्हणायची आई
पळीवरचं एक शीत बोटाने चेपून.
मी अर्धा ग्रॅम घेते.
सोहार बंदरात उतरलेल्या चोवीस टनांतून
अर्धा ग्रॅम.
नायट्रिक आम्लात तो तांदूळ विरतो,
थोडा तांबूस धूर, मग नुसतं पाण्यासारखं पाणी.
आता त्याला वास नाही, जात नाही, गाव नाही.

पण आधी कोरा नमुना लावायचा.
ज्यात काहीच नाही ते आधी मोजायचं,
आणि त्यातही शिसं निघतंच जरासं,
माझ्या हातमोज्याचं, हवेचं, कुणास ठाऊक.
ते वजा केल्याशिवाय
दुसऱ्याच्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत,
हे बदरियाने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

आमच्या घरात मापं होती:
मूठ, चिमूट, नखभर, तिळाएवढं.
त्याखाली भाषा गप्प.
इथे त्याखालीच माझी नोकरी.
बाहेर सत्तेचाळीस अंश,
आत काचेच्या नळीत सूर्याहून तापलेली ज्योत
आणि पडद्यावर एकेक जण हजेरी देतो:
जस्त, तांबं, कॅडमियम,
आर्सेनिक, अब्जात नव्वद.

मंगळवारी खलफान आला, खिडकीशी उभा राहिला.
त्याच्या सुरमईचा शेपटाकडचा तुकडा आमच्याकडे होता.
"झैन?" एवढंच विचारलं.
मी म्हटलं, पारा आहे, पण मर्यादेत. सेलेनियमही आहे.
ते चांगलं की वाईट?
किती, त्यावर, मी म्हटलं.
बदरियाने अरबीत सांगितलं तेव्हा वाक्य जरा लांबलं,
काय भर घातली तिलाच माहीत.
मग म्हणाला, उरलेला तुकडा तरी द्या.
नाही देता येत. नव्वद दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो.
"नव्वद दिवस!" तो खिडकीवर हात आपटून हसला,
"माझ्या माशाला व्हिसा दिलात की!"

मीही हसले.
मग आठवलं, गुरुवारी माझी वैद्यकीय तपासणी,
दर दोन वर्षांनी असते तशी.
बाही वर, मूठ घट्ट, एक नळी भरून रक्त,
आणि संध्याकाळी कागदावर एकच शब्द: फिट.
दशांश चिन्ह नाही, त्रुटीची कक्षा नाही,
कोरा नमुना लावला होता का, तेही नाही.
काउंटरवरच्या मुलीला विचारणार होते,
उरलेलं कुठे ठेवता,
किती दिवस.
तिने पुढचा टोकन नंबर पुकारला.