पांढरा ठिपका

पहिल्याच सकाळी म्यूसेने ओकोतेत्तोनं
माझ्या खिशातला आरसा काढून घेतला.
"उणे अडतीसमध्ये हा नुसता धुरकटतो.
आणि गोठणाऱ्याला गोठल्याचं कळत नाही,
दुखायचं थांबतं, एवढंच.
तुझं नाक मी बघेन, माझं तू.
पांढरा ठिपका दिसला की ओरडायचं.
भीड धरायची नाही."

मग बाकीचे नियम, स्लेज जुंपता जुंपता.
घाम फुटेल इतकं धावू नकोस,
तोच घाम नंतर चावतो.
नदी ओलांडायची ती जुन्या खुणांवरूनच.
वादळ उठलं तर तंबू शोधत हिंडू नकोस,
वाऱ्याला पाठ देऊन बस,
अंगावर बर्फ साचू दे, पांघरूण समज.
"किती वेळ?"
"वादळाला विचार."

मी आले होते
गोठलेल्या जमिनीच्या पोटात थर्मामीटर सोडायला.
वाटेत तिनं बर्फ उकरून दाखवली
विलोची एक काडी, माझ्या करंगळीएवढी,
आडवी पसरलेली.
"ही माझ्या आईच्या वयाची."
मागे कोल्ह्याची पावलं, आमच्या उष्ट्याच्या आशेनं.
गेल्या उन्हाळ्यात लेमिंग झालेच नाहीत, म्हणाली,
मग घुबडं अंडी घालतील कुणाच्या जिवावर?
डास मात्र होते,
रेनडिअरचं रक्त वाटीनं पिणारे.

पाऊस हा शब्द तिनं एकदाच उच्चारला.
रात्री, चूममध्ये, चहाची किटली खाली उतरवताना.
तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, बर्फावर पाऊस पडला.
दोन दिवस.
मग थंडी परतली आणि सगळा टुंड्रा काचेखाली गेला.
खाली दगडफूल दिसत होतं,
दिसत होतं गं,
आणि खूर घसरत होते.
(आमच्या घरी दगडफूल मसाल्यात पडतं, चिमूटभर.)
एकशेचाळीसातले एकतीस उरले.
ती नावं घ्यायला लागली,
सहाव्या नावाला थांबली,
आणि मला आणखी चहा हवा का विचारलं.

माझ्या वहीत तो पाऊस आहे:
अधिक दीड अंश, अठ्ठेचाळीस तास.
वही मी उशाखाली सारली.

परतीच्या दिवशी ती बोलत नव्हती.
ऊन होतं, वारा समोरून,
आणि तिच्या गालावर, डाव्या,
नाण्याएवढा पांढरा ठिपका.
मी मराठीतच ओरडले.
तिला कळलं.
हातमोजा काढून तिनं तळवा गालावर ठेवला,
चोळला नाही, नुसता धरून ठेवला,
कुणाचं तरी बाळ धरावं तसा,
आणि दुसऱ्या हातानं
रेनडिअर हाकत राहिली.

सालेखार्दच्या विमानतळावर
रांगेतल्या प्रत्येकाच्या नाकाकडे बघत होते मी.
एक गृहस्थ चिडले.

आरसा तिच्याकडेच राहिला.
निरोप आलाय की तिची धाकटी त्यानं
कुत्र्यांच्या डोळ्यांत ऊन पाडते.