हातचा

वूस्टरमध्ये रात्री नऊनंतर
औषधांच्या काउंटरवर बर्फ झाडत कोणी आलं
की मी आधी हातमोजे बघतो.
आज डोरीन पेल्की. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर.

जन्मतारीख विचारली. मशीनने विमा कंपनीला विचारलं,
विमा कंपनीने तिच्या दलालाला,
दलालाने कुणाला, ते मला अकरा वर्षांत कळलेलं नाही.
मग आकडा उमटला.
जानेवारी. डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून.
तीस गोळ्या, नऊशे बारा डॉलर.

मी आकडा मोठ्याने वाचत नाही.
पडदा गिऱ्हाइकाकडे वळवतो,
कऱ्हाडचा आमचा सोनार तराजू वळवायचा तसा.

डोरीन हसली.
म्हणाली, हिला मी ओळखते.
हिचं बारसं झालं नव्हतं, नुसता नंबर होता,
चार आकडी, शेवटी सात.
तळ्याच्या रस्त्यावरच्या लॅबमध्ये
एकोणीस वर्षं उंदरांच्या पिंजऱ्यांवर होते मी.
भुसा बदलायचा, पाणी भरायचं,
सकाळी कोण उठलं नाही ते वहीत लिहायचं.
एका सोमवारी सातवाले सगळे उठलेले,
एक तर चाकावर धावत होता.
आम्ही डोनट आणले.

आणि बाकीचे नंबर?
तिने मोजा काढला, बोटं मोजायला.
एकाने यकृत खाल्लं. एकाने काहीच केलं नाही, चांगलं ना वाईट.
एक माणसांपर्यंत पोचला, तिसऱ्या टप्प्यात पडला.
त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे डॉक्टर हॅलोरन
काचा वर करून गाडीत रडत होते.
बारा वर्षं, एकच रेणू.
ते फुकट नव्हतं रे, ती म्हणाली,
मेलेल्यांचा खर्च जगलेल्यावरच चढणार.

बी. फार्म.ला मी हेच लिहिलं होतं, दहा मार्कांना.
त्याआधी शाळेत:
नऊ नि चार तेरा, तीन लिहिले, हातचा एक.
पण या नऊशे बारामध्ये
किती हॅलोरन यांच्या रडण्याचे,
किती जाहिरातीतल्या किनाऱ्यावर धावणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याचे,
किती वकिलाचे, ज्याने मुदत संपता संपता
पेटंटला मुलाम्याचं ठिगळ लावलं,
आणि किती त्या दलालाचे,
जो सूट मिळवतो
आणि पदराआड घेऊन निघून जातो,
हे पावतीवर नसतं.
हातचा कुणाच्या हातात, हे विचारायला
मागे रांगेत खोकणारी दोन माणसं असताना वेळ नसतो.

कूपन शोधलं. गेल्या आठवड्यात संपलेलं.
दहाच दे, ती म्हणाली.
ट्रेवर गोळ्या ओढल्या, पाच, दहा.
तीही ओठांतल्या ओठांत मोजत होती,
जुनी सवय.

सातवाल्यांचा एकही दिवस चुकवायचा नाही, ती म्हणाली,
सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी जायचे. ख्रिसमसलासुद्धा.

तीनशे चार डॉलर, रोख, चुरगळलेले.
अर्धी अर्धी घेतली तर चालेल का,
हे तिने विचारलं नाही.
या गोळीला मधोमध रेघ नाही,
मोडता येऊ नये अशीच ती केली आहे.
तिला हे माझ्याआधी ठाऊक.