घरात माणसे किती

परसोडीच्या आयटी पार्कात तिसरा मजला, मे महिना.
कूलरचा वाळा सुकलाय, वारा नुसता आवाज करतो.
टेंभुर्णे सर म्हणाले, सोपं आहे गं,
मजकुरात पूर्णांक आहे की नाही तेवढं तपास.
हो किंवा नाही. जेवायच्या आत.

रकाना असा: घरात माणसे किती?
त्यावर ठरणार, कुठल्या गल्लीत किती टँकर.

आधी कडेच्या मोकळ्या जागा छाटल्या.
मग एकेक अक्षर अडवलं फाटकाशी,
शून्य ते नऊ आहेस? जा.
वजा चालेल, पण पहिल्याच जागी.
वजा माणसं कोणाच्या घरी राहतात
ते मी सरांना विचारलं नाही.

पहिल्याच फेरीत ४ अडकला.
आपला ४. पाटीवर गिरवलेला.
मी यंत्राला इंग्रजी आकडेच सांगितले होते,
आणि बाराखडीशेजारी वाढलेले ते दहा जण
बाहेर उन्हात उभे.
घेतलं त्यांना आत.

बाकीच्यांचं काय करू?
शांतीनगर: पाच, सून बाळंतपणाला गेली, येईल.
पाचपावली: साडेतीन.
जरीपटका: सात बाप्पा, आठवा भांडून गेला.
एकाने नुसतं लिहिलं, आम्ही.

नाही. नाही. नाही. नाही.
फंक्शन बरोबर होतं. चाचण्या सगळ्या हिरव्या.

झिंगाबाई टाकळीचा एक रकाना कोरा निघाला.
कोरं म्हणजे शून्य नव्हे,
हे नागपूरच्या पोरीला कोणी शिकवायला नको.
बर्डीवरून येताना झिरो माईलचा खांब रोज दिसतो,
शून्य, पण दगडात उभं,
त्याच्यापासून हैदराबाद मोजता येतं, जबलपूर मोजता येतं.
कोऱ्यापासून काय मोजणार?

फोन लावला. वनमाला बोरकुटे, वय एकाहत्तर.
"एक लिहाचं होतं ना पोरी,
पण हातच नाई उचलला."
मागे कुकरची शिट्टी झाली.
एवढ्या उन्हात, एकटीसाठी कुकर.
मी तिच्या जागी १ टाकला.
फंक्शन म्हणालं, हो.

डबा तसाच राहिला.
सरांना विचारलं, त्या शांतीनगरच्या पाचचं काय?
चूक दाखव, परत पाठव, म्हणाले.
मी सूचना लिहिली:
कृपया फक्त आकडा लिहा.
थोडं थांबून खाली आणखी एक ओळ टाकली:
सून आली की पुन्हा भरा.