हजारात किती

मार्केट यार्डातून सहा कांदे आणले, एका मापाचे.
तीन नळाच्या पाण्यावर बसवले,
तीन डाईंगमागच्या नाल्याच्या.
तिसऱ्या दिवशी मुळं:
इकडे लांब, पांढरी,
तिकडे आखूड, टोकाशी गाठाळ.

टोक कापायचं, आम्लात मऊ करायचं,
काचेवर अंगठ्यानं दाबायचं.
पेशी दिसायला रंग लागतो.
तोही लालच.

आई अशोक चौकात टॉवेल तपासते,
तुटका धागा दिसला की सेकंडात.
मी भिंगाखाली तेच करते.
दुभंगताना मागे राहिलेला तुकडा,
केंद्रकाशेजारी एक इवलं, पोरकं केंद्रक,
आणि हा पूल: तुटलेलं कुणीतरी घाईत
भलत्याच टोकाला सांधलेलं.

हजारात चार, इकडे.
तिकडे एकोणचाळीस.
पुन्हा मोजले. बेचाळीस.

कांद्याचं माणसाला लागू होईलच असं नाही,
हे वाक्य मी अहवालात लिहिलंय,
शेवटून दुसरं.

रात्री मोरीत नायना हात घासत होते,
दगडानं, कोपरापर्यंत.
"कुठल्या रंगाचं पाणी होतं गं?"
लाल, मी म्हणाले.
"मग तो पक्का," ते म्हणाले,
जरा अभिमानानंच,
"आमचा लाल कधी उतरत नाही."